फुप्फुसातला रक्तस्राव आणि दाखल्यावरचा ‘ताप’

१९८८ पासून पुढची काही वर्षे उत्तर अंदमानातील दिगलीपूरच्या परिसरात पावसाळा सरत आला की एक आजार डोके वर काढत असे. आधी ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत विलक्षण वेदना. मग खोकला, खोकल्यातून रक्त, धाप. आणि काही रुग्णांच्या बाबतीत मृत्यू. कारण सापडत नव्हते, म्हणून नाव ठिकाणावरून पडले: ‘अंदमान रक्तस्रावी ताप’. १९९३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा पसरला, तेव्हा पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचे श्रीविजयपुरम, येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला. कोणता अज्ञात विषाणू नव्हता. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पसरणारा, वैद्यकशास्त्राला १९१५ पासून ठाऊक असलेला लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू तेथे माणसांच्या फुप्फुसांत रक्तस्राव घडवून आणत होता.

दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, मध्य अमेरिकेतील निकाराग्वात मुसळधार पावसानंतर असाच आजार उद्भवला. तेथेही पहिला संशय डेंग्यूवर गेला. रुग्णांना कावीळ नव्हती आणि लेप्टोस्पायरोसिस म्हणजे कावीळ, असे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्के होते. मृतांच्या शरीरातील ऊतींची तपासणी झाली, तेव्हा खरे कारण समोर आले.

या दोन प्रसंगांतून आपण जो धडा घ्यायला हवा होता, तो तीन दशकांनंतरही देशाच्या आरोग्यव्यवस्थेने पुरता घेतलेला नाही, असे माझे मत आहे. लेप्टोस्पायरोसिसचे फुप्फुसावर बेतणारे रूप दुर्धर आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी रुग्णाला वाचवण्याची संधी बहुधा मिळालेली असते. ती संधी अतिदक्षता विभागात नसते. ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत असते. ती हुकते, कारण या आजाराचा विचारच केला जात नाही. आणि विचार केला जात नाही, कारण त्याची मोजदाद नीट होत नाही.

दोन घड्याळे

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हे जिवाणू मुक्कामाला असतात. प्राण्याला फारसा त्रास न देता ते मूत्रावाटे बाहेर पडत राहतात. गाई-म्हशी, डुकरे, कुत्री यांच्याकडूनही ते पसरू शकतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात ते तग धरतात. पायाला चीर असेल, त्वचा पाण्यात राहून भिजकी झाली असेल, किंवा घाण पाणी डोळ्या-तोंडात गेले, तर ते शरीरात शिरतात. साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. बहुतेकांचा आजार सौम्य राहतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसांकडे वळतो.

फुप्फुसांचे प्रकरण यात सर्वांत वेगवान. वायुकोशांभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि जिथे हवा असायची तिथे रक्त भरते. आजाराच्या चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास हे सुरू होऊ शकते, आणि एकदा सुरू झाले की काही रुग्ण ७२ तासांच्या आत दगावतात. तीव्र फुप्फुस-रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावल्याचे अनेक ठिकाणांच्या अभ्यासांत आढळले आहे. कावीळ असेलच असे नाही. खोकल्यातून रक्त पडेलच असेही नाही. कित्येकदा कृत्रिम श्वासासाठी श्वासनलिकेत नळी घातल्यावरच आतले रक्त दिसते. तोवर बाहेरून दिसते ते इतकेच: ताप, अंगदुखी, घटलेल्या प्लेटलेट आणि वाढलेला श्वास. पावसाळ्यात भारतातील कोणताही डॉक्टर या वर्णनाला पहिले नाव देतो ते डेंग्यूचे. डेंग्यूवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, त्यामुळे ते दिले जात नाही. आणि लेप्टोस्पायरोसिसमध्ये नेमके तेच वेळेवर मिळायला हवे असते.

हे झाले आजाराचे घड्याळ. प्रयोगशाळेचे घड्याळ याहून फार संथ चालते. रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या आजाराच्या पहिल्या पाच-सात दिवसांत बऱ्याचदा काहीच दाखवत नाहीत. प्रमाण मानली जाणारी चाचणी जिवंत जिवाणू जोपासणाऱ्या मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि तिला सहसा दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागतात. पहिल्या आठवड्यात उपयोगी पडणारी पीसीआर चाचणी जिल्हा पातळीवर सर्वत्र पोहोचलेली नाही. म्हणजे ज्याचे फुप्फुस पाचव्या दिवशी पाझरू लागले, त्याचा दुसरा नमुना घ्यायला तो उरतच नाही. निदानाच्या खात्रीची वाट पाहणारी व्यवस्था या रुग्णाच्या बाबतीत आपोआपच उशिरा पोहोचणारी व्यवस्था ठरते.

न मोजलेले मरण

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार लेप्टोस्पायरोसिसचे जगात दर वर्षी सुमारे १० लाख ३० हजार रुग्ण असतात आणि सुमारे ५८ हजार ९०० जण त्याने मरण पावतात. भात, मोसमी पाऊस, उंदीर आणि उघडी गटारे या चारही गोष्टी विपुल असलेल्या आपल्या देशाचा त्यातील वाटा किरकोळ असण्याचे कारण नाही. तरीही भारतात हा आजार म्हटला की नावे येतात ती ठरावीक: केरळ, दक्षिण गुजरात, तमिळनाडू, किनारी कर्नाटक, कोकण आणि मुंबई, अंदमान. ओडिशाचे नाव या यादीत आले ते १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर संशोधकांनी तेथे जाऊन नमुने तपासले म्हणून. माझ्या दृष्टीने आजाराचा हा नकाशा बऱ्याच अंशी प्रयोगशाळांचा आणि जागरूक डॉक्टरांचा नकाशा आहे. गंगेच्या खोऱ्यातही भात पिकतो आणि तिथेही शेतात उंदीर आहेत. तेथील छोटे आकडे आजार नसल्याचा पुरावा म्हणून स्वीकारायला मी तयार नाही.

सर्पदंशाची तुलना येथे बोलकी ठरेल. अनेक वर्षे सरकारी आकडे भारतात दर वर्षी सर्पदंशाने मोजकेच मृत्यू होतात असे सांगत. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने २०११ मध्ये दाखवून दिले, की एकट्या २००५ सालात सुमारे ४६ हजार लोक सर्पदंशाने गेले होते. त्या अभ्यासामुळे धोरण बदलले. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंश प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. पण साप चावला हे घरच्यांना ठाऊक असते, ते वर्षांनंतरही सांगू शकतात. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या बांधावर आपला माणूस तीन आठवड्यांपूर्वी अनवाणी उभा होता, हे मृत्यूचे कारण म्हणून कोणते कुटुंब सांगणार? ते ‘ताप आला आणि दम लागला’ एवढेच सांगेल. घरोघरच्या विचारपुशीतून सापडू शकत नाही असे हे मरण आहे. ते फक्त आरोग्यव्यवस्थाच शोधू शकते.

आणि ती व्यवस्था किती पाहते? २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. उरलेल्यांच्या बाबतीत ‘ताप’, ‘न्यूमोनिया’, ‘श्वास बंद पडणे’ असले शब्द कारणाची जागा घेतात. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या तक्त्यांत लेप्टोस्पायरोसिसचा रकाना आहे, हे खरे. पण रकाना भरायचा तर आधी संशय यावा लागतो आणि नमुना जावा लागतो. खासगी दवाखान्यात उपचार घेणारे रुग्ण त्यातून मोठ्या प्रमाणावर निसटतात.

याउलट केरळकडे पाहा. मल्याळममध्ये या आजाराला ‘एलिपनी’, म्हणजे उंदीरताप, म्हणतात, आणि सामान्य माणसालाही तो शब्द ठाऊक असतो. तेथील आरोग्य खाते आपल्या नियमित आकडेवारीत लेप्टोस्पायरोसिसचे संशयित रुग्ण आणि निश्चित रुग्ण, तसेच संशयित मृत्यू आणि निश्चित मृत्यू, वेगवेगळे देते. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर पाण्यात उतरलेल्या लोकांना आणि मदतकार्यकर्त्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देण्याची मोहीम तेथे राबवली गेली. तरीही तेथे आजार आहे, मृत्यूही आहेत. पण जे राज्य मोजते तेच आकडेवारीत सर्वांत वाईट दिसते, आणि जे मोजत नाही ते निर्धास्त राहते. ही उलटी बक्षिसी थांबवणे हे केंद्राचे काम आहे.

गोरखपूरचा दाखला

खात्री नसताना उपचार कसे करायचे, असा प्रश्न यावर विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात मेंदूज्वराने दर पावसाळ्यात मुले दगावत. दीर्घकाळ सर्व भर जपानी मेंदूज्वरावर होता. २०१५ नंतरच्या संशोधनातून पुढे आले, की तेथील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या आजारामागे स्क्रब टायफस होता; तोही जिवाणूजन्य आणि वेळीच दिलेल्या स्वस्त प्रतिजैविकाने बरा होणारा. त्यानंतर तेथे तापाच्या पहिल्या टप्प्यातच, प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी, संशयावरून औषध देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या दोन्ही आजारांवर डॉक्सिसायक्लिन चालते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी पर्याय आहेत. गंभीर रुग्णांसाठी पेनिसिलिन आणि सेफ्ट्रायॅक्सोन आहे. ही सर्व औषधे जुनी, स्वस्त आणि देशातच बनणारी आहेत. मात्र ती लवकर दिली तर. रक्तस्राव सुरू झाल्यावर प्रतिजैविकाचा लाभ किती उरतो, याचा भक्कम पुरावा नाही. तेव्हा प्राणवायू, कृत्रिम श्वास आणि कधी डायलिसिस यांच्यावरच सारा भार पडतो. या गोष्टी जिल्ह्याच्या गावी असतात, आणि पुराच्या दिवसांत जिल्ह्याचे गाव फार दूर असते.

पाण्यात उभे राहणाऱ्यांचा आजार

पावसाळ्यात पाण्यात जाऊ नका, हा सल्ला ज्यांना पाळता येतो त्यांना हा आजार सहसा होत नाही. भाताची लावणी करणाऱ्या बायका, दक्षिण गुजरातेतील भात आणि उसाच्या शेतांतले मजूर, गटारे उपसणारे सफाई कामगार, रोजगार हमीवर केरळात ओढे-नाले साफ करणाऱ्या स्त्रिया, कत्तलखान्यांतले कामगार: यांची रोजीच ओल्या जागेत आहे. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात आणि काम अडते, म्हणून बूट वाटून भागत नाही, हे शेतात उभे राहिलेल्या कोणालाही कळेल. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा कार्यालयांतून कंबरभर पाण्यातून घरी चालत गेलेल्या मध्यमवर्गालाही हा धोका एका रात्रीत कळला. सफाई कामगाराला तो दर पावसाळ्यात कळतो.

संरक्षक औषधाबद्दलचा पुरावा पुरेसा जुना आहे. पनामात अमेरिकी सैनिकांवर झालेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या गटात एकालाच हा आजार झाला, न घेणाऱ्या गटात वीस जणांना. अंदमानातील आपल्याच शास्त्रज्ञांची २००० साली प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक वास्तववादी आहे: सतत दूषित परिसरात राहणाऱ्यांचा संसर्ग या औषधाने टळला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणजे गोळी हे कवच नव्हे. ठरावीक आठवड्यांसाठी, ठरावीक लोकांना, वैद्यकीय देखरेखीखाली देण्याचे ते साधन आहे.

आक्षेप आणि त्यांचे मोल

पहिला आक्षेप प्रतिजैविकांच्या अतिवापराचा आहे, आणि तो गंभीर आहे. प्रत्येक तापाला डॉक्सिसायक्लिन द्या, असे मी म्हणत नाही. पण आज आपल्या गावोगावी तापाच्या रुग्णाला काहीतरी प्रतिजैविक बहुधा मिळतेच; ते अंदाजाने, अपुरे आणि अनेकदा चुकीचे असते. ‘गेल्या महिनाभरात शेतात, गटारात किंवा पुराच्या पाण्यात काम केले का?’ या एका प्रश्नाने औषधाची निवड अधिक नेमकी होईल. संशयाला शिस्त लावली, तर अतिवापर वाढण्याऐवजी घटण्याची शक्यता अधिक.

दुसरा आक्षेप असा, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. खरे आहे. पण अकराव्या पंचवार्षिक योजनेत लेप्टोस्पायरोसिसचा प्रायोगिक प्रकल्प आणि बाराव्या योजनेत नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तो केंद्रानेच, आणि तो जिथे आजार आधीच दिसत होता त्या निवडक राज्यांपुरता राहिला. क्षयरोगाची नोंद २०१२ मध्ये बंधनकारक झाली, ती केंद्राच्या आदेशानेच. त्यानंतर खासगी क्षेत्रातील रुग्ण मोठ्या संख्येने आकडेवारीत येऊ लागले. राज्यांचा अधिकार न डावलता राष्ट्रीय मापदंड ठरवता येतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. एका रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवण्याचा खर्च आणि एका गावाला पावसाळाभर पुरेल एवढ्या गोळ्यांची किंमत शेजारी शेजारी मांडली, की या आक्षेपाचे मोल कळते.

काय करता येईल

माझ्या मते चार गोष्टी येत्या पावसाळ्यापूर्वी करण्याजोग्या आहेत.

एक, लेप्टोस्पायरोसिसची नोंद सर्व राज्यांत, सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक करावी, आणि केरळप्रमाणे संशयित व निश्चित असे स्वतंत्र आकडे प्रसिद्ध करावेत. खात्री होण्याआधी दगावलेला रुग्ण निदान संशयित म्हणून तरी नोंदीत राहील.

दोन, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरपर्यंत पावसाळी तापाच्या प्रत्येक केसपेपरवर पाण्या-चिखलातील कामाचा प्रश्न छापलेला असावा आणि प्रत्येक रुग्णाचा श्वास घड्याळ लावून मोजला जावा. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला तीसच्या पुढे गेला, की तो धोक्याचा इशारा मानून पहिली मात्रा देऊन मगच रुग्णवाहिकेत घालावे. करोनाकाळात पोहोचलेली ऑक्सिमीटर यंत्रे यासाठीच आता वापरात राहायला हवीत. संशयित रुग्णाचे पहिल्याच दिवशी घेतलेले रक्त जपून जिल्ह्याकडे पाठवावे, म्हणजे तो वाचो वा न वाचो, कारण पुढे कळू शकेल.

तीन, तापानंतर श्वास लागून झालेल्या प्रत्येक पावसाळी मृत्यूची जिल्हा पातळीवर चौकशी व्हावी. मातामृत्यूंच्या बाबतीत अशी पद्धत आपण रुजवली आहे. दोष कोणाचा हे शोधणे हा तिचा हेतू नसून पहिल्या भेटीत काय सुटले हे शोधणे हा असतो. कुटुंबाच्या संमतीने मृतदेहातून सुईने छोटा ऊतीनमुना घेण्याची सोय निदान वैद्यकीय महाविद्यालयांत असावी. निकाराग्वाचे कोडे मृतांच्या ऊतींनीच सोडवले होते.

चार, हा आजार कामातून होतो हे सरकारने कामगारांच्या बाजूने मान्य करावे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीने दूषिततेचा विशेष धोका असलेल्या कामांतून होणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य मानले होते. पण नोंदच ‘ताप’ अशी असेल, तर सफाई कामगाराची विधवा कोणत्या कागदाच्या आधारे भरपाई मागणार? येथे निदान हा केवळ वैद्यकीय शब्द राहत नाही. तो तिचा हक्क असतो.

माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या ‘वन हेल्थ’ची भाषा केंद्र सरकार गेली काही वर्षे बोलते आहे, त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली. या चर्चेत पुढच्या महासाथीच्या अज्ञात विषाणूवर बरेच बोलले जाते, आणि तयारी हवीच. पण उंदीर, गोठा, भातखाचर आणि आरोग्य केंद्र यांच्यामध्ये ये-जा करणारा एक ज्ञात जिवाणू आधीच हजर आहे. पशुसंवर्धन, कृषी, नगरपालिका आणि आरोग्य ही चार खाती एका टेबलाशी बसू शकतात का, याची परीक्षा घ्यायला याहून सोपी प्रश्नपत्रिका मिळणार नाही. औषध ठाऊक आहे, मार्ग ठाऊक आहे, मोसमही ठाऊक आहे.

दिगलीपूरच्या तापाला कारण सापडायला पाच वर्षे लागली, कारण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हते. आज चाचण्या आहेत, औषध आहे, आपल्याच शास्त्रज्ञांचा अनुभव आहे. तरीही लावणीहून परतलेली एखादी बाई पाचव्या दिवशी धाप लागून गेली आणि तिच्या दाखल्यावर ‘ताप’ एवढेच लिहिले गेले, तर त्याचे कारण अज्ञान मानता येणार नाही. ती व्यवस्थेची निवड असेल, आणि ती बदलण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही सरकारकडे आहेत.